दगडचाटी तूदा

पहिल्याच प्रात्यक्षिकाला तूदाने दगड चाटला आणि विद्यापीठात तिचं बारसं झालं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलं, प्रत्येकाच्या पुढ्यात एक ट्रे आणि ट्रेमध्ये पाच दगड. प्राध्यापक ताहिरी फ्रेंचमध्ये भराभर काहीतरी सांगत होते. तूदाला त्यातलं ‘दगड’ आणि ‘बघा’ एवढंच कळलं. बघा म्हटलं म्हणून तिने बघितलं. पहिला दगड उचलला, उजेडाकडे धरला, नखाने खरवडला आणि जिभेचं टोक लावलं. आमच्या इग्रान गावात दगड हातात आला की माणूस हेच करतो. जेवायला बसताना हात धुवा असं कोणाला सांगावं लागतं का?

आधी शेजारची मुलगी हसली, मग तिच्या शेजारची, मग सगळी प्रयोगशाळा. ताहिरी चालत आले आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मग त्यांनी अरबीत विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं: “भूक लागलीये का, बाई? खानावळ पलीकडच्या इमारतीत आहे.”

पुन्हा हशा. तूदाचे कान लाल झाले. पण तिने दुसरा दगड उचलला, त्यालाही जीभ लावली आणि म्हणाली, “हा चुनखडीचा आहे, उस्ताद. पहिला नाही.”

“फ्रेंचमध्ये सांग.”

ते तिला येत नव्हतं. ताहिरी तसे वाईट नव्हते. त्यांना फक्त असं वाटायचं की दगडाला फ्रेंच येतं.

संध्याकाळपर्यंत तिचं नाव ‘दगडचाटी’ पडलं होतं. दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत एका पोराने खिशातून खडा काढून पुढे केला, “घे, नाश्ता.” तूदाने तो घेतला, चाटला, आणि परत देत म्हणाली, “सिमेंट आहे. तुमच्या घराचं पडतंय वाटतं.” त्यानंतर त्या पोराने पुन्हा खडा काढला नाही, पण नाव काही पुसलं गेलं नाही.

आता मी इग्रानचीच, त्यामुळे मी तूदाची बाजू घेणार हे उघड आहे. पण आमच्याकडचं थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्या गावात खजुराची मोजकी झाडं आहेत आणि बाकी सगळा डोंगर. त्या डोंगरात दगडी किडे निघतात. कधीकाळी इथे समुद्र होता म्हणे, त्यातले. पुस्तकवाले त्यांना ट्रायलोबाइट म्हणतात. गडी डोंगर खणतात, फुटका दगड डोक्यावरून खाली आणतात, आणि मग घरातली माणसं सुईने त्याच्यावरचं कवच सोलत बसतात, पाठीच्या कड्यांपासून डोळ्यांपर्यंत. एका किड्याला महिना लागतो. तूदाच्या बापाची, बासूची, कार्यशाळा गावात सगळ्यात नावाजलेली, आणि त्या कार्यशाळेत सगळ्यात बारीक हात तूदाचा.

आता एक आतली गोष्ट. इग्रानमध्ये दगडाला कोणी खोटा म्हणत नाही, ‘पूर्ण केलेला’ म्हणतात. किड्याचं शेपूट तुटलेलं निघालं तर शेपूट पूर्ण करायचं. डोकं नसलं तर डोकं पूर्ण करायचं. आणि कधीकधी किडाच नसला तर तोही पूर्ण करायचा. राळ, दगडाची भुकटी, काळा रंग, आणि खाली बसायला डोंगरातला खराखुरा दगड. विकत घेणारा खूश, आणि चूलही पेटलेली.

तूदा बारावी झाली आणि तिला विद्यापीठात जायचंय म्हणाली तेव्हा बासूने ते बाजाराच्या दिवशी चार माणसांच्या देखत ऐकलं. त्यामुळे त्याला उत्तरही चार माणसांच्या देखतच द्यावं लागलं. तो म्हणाला, “दगडच शिकायचे ना? दगड घरात काय कमी आहेत?”

“दगडांची नावं शिकायचीत.”

“नावाने पोट भरतं का? बरं, एक वर्ष देतो. सगळ्या विषयांत पास झालीस तर पुढचं वर्ष. एकातही नापास झालीस तर घरी यायचं. सुई तुझी वाट बघेल.”

तूदाही त्याचीच लेक. ती म्हणाली, “एकातही नापास झाले तर मीच बसमध्ये बसेन. न्यायला येऊ नका.” तोंडातून गेलेला शब्द, आणि ऐकायला सगळा बाजार. अशी शर्त आमच्याकडे कागदापेक्षा पक्की असते.

अशी ती डोंगर ओलांडून, अकरा तास बसमध्ये बसून, शहरात आली. मुलींच्या वसतिगृहात तिच्या खोलीत होती केंझा, कासाब्लांकाची, औषधवाल्याची मुलगी. केंझा फ्रेंचमध्ये शिव्या द्यायची आणि अरबीत माफी मागायची. पहिल्याच संध्याकाळी तिने विचारलं, “तू खरंच चाटतेस?”

“तू नाही चाटत?”

“मी आइस्क्रीम चाटते.”

“मग भेसळ असली तर तुला लगेच कळत असेल.”

केंझा हसली आणि त्यांचं जमलं. पण जमलं ते खोलीत. खोलीबाहेर तूदाचं काहीच जमत नव्हतं. शाळेत सगळं विज्ञान अरबीत शिकलेली मुलगी, घरी आमची डोंगरी भाषा तमाझिग़्त बोलणारी, आणि इथे चारशे मुलांच्या सभागृहात ध्वनिक्षेपकातून येणारी फ्रेंच. ती पहिल्या रांगेत बसायची. पहिली रांग हुशार पोरांची, असं एकाने तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, “तुम्ही हुशार आहात तर मागून पण कळेल. मला कळत नाही म्हणून मी पुढे.” फळ्यावरची आकृती ती जशीच्या तशी उतरवायची, हात त्यात तयारच होता, आणि आकृतीखालचे शब्द केंझाकडून एकेक करून समजून घ्यायची. एका तासाच्या व्याख्यानाला तिला चार तास लागत.

लोक सल्ले देत. सल्ला द्यायला कुठे काय लागतं? “तुमच्याकडची मुलं कायद्याला जातात,” एक वरच्या वर्गातली मुलगी म्हणाली. “तिथे अरबीत शिकवतात. उगाच हट्ट कशाला?”

“कायद्याला दगड नसतात.”

“मग नापास हो.”

“ते मी बघेन.”

नोव्हेंबरमध्ये रसायनशास्त्राच्या चाचणीत तिला वीसपैकी तीन मिळाले. त्या दिवशी ती कपडे धुवायच्या जागी नळ सोडून रडली, आणि मग रडल्याचाच तिला इतका राग आला की हातातली ओढणी धुता धुता फाटली. शुक्रवारी खानावळीत रव्याचा कुसकुस मिळाला तो कोरडाठाक. तिने वाढणाऱ्याला सांगितलं, “हा तुम्ही एकदाच वाफवलाय.” तो म्हणाला, “तूच ये वाफवायला.” पुढच्या शुक्रवारी सकाळी ती खरंच आत जाऊन उभी राहिली. तीनदा वाफवून घेतला, मध्ये हाताने मोकळा करायला लावला. त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घ्यायला रांग लागली. मुलींनी मान डोलावली, पण नाव दगडचाटीच राहिलं.

आणि तिने चाटणं सोडलं नाही. ताहिरी दर आठवड्याला भुवया वर करत, आणि ती दर आठवड्याला ट्रेमधला दगड उचलून आधी जिभेला लावत असे. हळूहळू नावंही आली. केंझा दगड दाखवायची, ती फ्रेंचमध्ये नाव सांगायची, चुकली की केंझा उशी फेकून मारायची. जानेवारीत ती सगळ्या विषयांत पास झाली, रसायनशास्त्रात अगदी काठावर. राहता राहिला जून, आणि जूनमध्ये भूशास्त्राचं प्रात्यक्षिक. विषय तिचा स्वतःचा. बाकी सगळ्यांत तिला भीती होती, यात नव्हती.

प्रात्यक्षिक परीक्षा म्हणजे दहा टेबलं. प्रत्येक टेबलावर एक नमुना. दोन मिनिटांत तो ओळखायचा, लिहायचा, घंटा झाली की पुढच्या टेबलावर सरकायचं. एका टेबलाला दोन गुण, वीसपैकी दहा म्हणजे पास. तूदा पहिल्या सहा टेबलांवरून नीट पुढे गेली. एकदोन ठिकाणी नाव अडलं, पण एकंदरीत बरं चाललं होतं. सातव्या टेबलावर ताहिरींच्या कपाटातला मानाचा नमुना ठेवला होता. हाताएवढा शिंगवाला ट्रायलोबाइट, पाठीवर काटे, डोळे बुरुजासारखे वर आलेले. खाली चिठ्ठी: प्रा. ताहिरी यांची भेट.

त्याचं लांबलचक लॅटिन नाव, काळ, गट, सगळं तिला पाठ होतं. केंझाच्या उशीचे मार खाऊन पाठ केलेलं. तिने सवयीने जीभ लावली. जिभेला गार लागलं नाही. चिकटलंही नाही. प्लास्टिकच्या मगाला लावावी तशी लागली. मग तिने डोळ्याकडे नीट बघितलं. तो डोळा तिने स्वतः केला होता, वयाच्या बाराव्या वर्षी, बापाच्या पडवीत बसून. आपल्या हातचं काम कोणाला ओळखू येत नाही?

दोन मिनिटांतलं एक मिनिट असं गेलं. मग तिने लॅटिन नाव लिहिलं नाही. पक्की येत होती तेवढ्या फ्रेंचमध्ये तिने लिहिलं: ‘हा दगड नाही. राळ आहे.’

का लिहिलं? केंझाने विचारलं, पुढे मीही विचारलं. तिचं उत्तर एकच, “राग आला होता.” नऊ महिने सगळे मिळून तिला दगड म्हणजे काय ते सांगत होते, आणि त्यांच्या मानाच्या कपाटात तिची राळ बसली होती. एवढं पुरेसं नाही का?

पण तोच राग पेनात असा उतरला की आठव्या आणि नवव्या टेबलावर तिने काय लिहिलं ते तिलाच वाचता आलं नाही. निकाल लागला. बाकी सगळ्यांत पास, प्रात्यक्षिकात नऊ. सातव्या टेबलाचे शून्य.

“काही बिघडत नाही,” केंझा म्हणाली. “जुलैत फेरपरीक्षा असते. तोच किडा ठेवतील बघ. नाव लिही, दोन गुण घे, आणि बापाला भेट म्हणून साखरेचा सुळका घेऊन घरी जा.”

“शर्तीत फेरपरीक्षा नव्हती.”

“तू सांगूच नकोस.”

“आणि चुकले नसताना फेरपरीक्षा कसली? चुकले ते ताहिरी. त्यांनी द्यावी.”

केंझा पलंगावर उठून बसली. “ठीक आहे. मग जा त्यांच्याकडे. ते विचारतील तुला कसं कळलं. सांगशील? सांगशील की तो तुझ्या घरी बनवलाय?”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. दगडाचा धंदा विश्वासावर चालतो. बासूच्या कार्यशाळेचं नाव एकदा कागदावर आलं की दगडांच्या मेळ्यांतले व्यापारी त्याच्या खऱ्या किड्यांनाही हात लावायचे नाहीत, आणि खरे किडेही त्याच्याकडे होते, डोंगराने दिलेले, महिना महिना बसून सोललेले. सांगावं तर हात दाखवून अवलक्षण. न सांगावं तर घरची बस.

त्याच दुपारी बासूचा फोन आला.

“किती?”

“प्रात्यक्षिकात नऊ.”

“दहा लागतात ना?”

“लागतात. पण अजून संपलं नाही, बाबा.”

“शर्त तू बोललीस, मी नाही. गुरुवारच्या आत ये. एक मोठं काम आलंय, तुझ्या हाताचं.” आणि फोन ठेवता ठेवता, “जेवलीस का?”

ती जेवली नव्हती. पण हो म्हणाली.

उत्तरपत्रिका बघायला मिळणार होत्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी. सकाळी नऊ वाजता ती ताहिरींच्या दाराशी उभी राहिली. आत ताहिरी कागदांच्या ढिगामागे बसले होते आणि लारबीकाका, प्रयोगशाळेचे जुने शिपाई, फडक्याने कपाट पुसत होते. ताहिरींनी तिची उत्तरपत्रिका काढली.

“सातवा नमुना. सगळ्या वर्गाने बरोबर लिहिलंय. तुला एकटीला विनोद सुचला.”

“विनोद नाही, उस्ताद. तो राळेचा आहे.”

“चाटून कळलं?”

“हो.”

ताहिरींनी चष्मा काढला. “हा नमुना मी स्वतः मेळ्यातून आणलाय. सहा वर्षं शिकवतोय त्याच्यावर. त्याच्याबरोबर जाणकाराचा दाखला आहे.”

“दाखला मी नाही बघितला. दगड बघितला.”

“मग सिद्ध कर. आणि तोडफोड न करता.”

तूदा टेबलापासून दोन पावलं मागे सरली. “मी हातही लावत नाही. तुम्ही सूक्ष्मदर्शक घ्या आणि डोळे मोजा. डोळ्यांतल्या बारीक भिंगांच्या उभ्या रांगा. उजव्या डोळ्यात आठ निघतील, डाव्यात सात.”

“त्याने काय होणार?”

“मोजा तर खरं.”

ते मोजायला बसले, कारण विषय त्यांच्याही आवडीचा होता. उजवा डोळा मोजला. डावा मोजला. मग डावा पुन्हा मोजला. “परीक्षेत मोजून ठेवलं असशील.”

“दोन मिनिटांत? बरं, डाव्यातली सातवी रांग बघा. अगदी तळाचा टिपका रांगेच्या बाहेर गेलाय. सुई घसरली होती. चहाला हाक आली म्हणून मी मान वळवली.”

ताहिरींनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. “कोणी मान वळवली?”

तिने हे ठरवून ठेवलं नव्हतं. रात्रभर विचार करून सांगायचं नाही असंच ठरवलं होतं. पण नऊ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिला दगडाबद्दल प्रश्न विचारला होता, आणि उत्तर फक्त तिलाच माहीत होतं. “मी,” ती म्हणाली. “हा मी केलाय.”

मग कपाटाकडून लारबीकाका पुटपुटले, “धूळ पुसताना मला तो हलका लागायचाच, साहेब. पण मला कोण विचारतंय.”

“लारबी, तुम्ही गप्प बसा.”

“सहा वर्षं गप्पच आहे की.”

ताहिरी उठले. रागाने त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा राग लाजेचा होता. “म्हणजे घरच्यांनी लोकांना फसवायचं, आणि त्याच घरच्या मुलीने इथे येऊन आम्हाला शिकवायचं? लाज नाही वाटत?”

“वाटते,” तूदा म्हणाली. तिचा आवाज चढला. “आम्ही तो एकदा विकला, उस्ताद. ती फसवणूक आमची. तुम्ही तो सहा वर्षं शिकवलात. ती कोणाची? तुम्ही एकदा जीभ लावली असती तर तेव्हाच कळलं असतं. पण चाटायला आमच्यासारखे लागतात, आणि चाटणाऱ्याला तुम्ही खानावळ दाखवता.”

आपण प्राध्यापकासमोर ओरडतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. आता गेलंच, तिला वाटलं, आता बसच. पण ती खाली बघेना.

ताहिरींनी वाकून सूक्ष्मदर्शकातून ती सातवी रांग पुन्हा एकदा बघितली. मग ते खुर्चीत बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, “गुण दिले तर मला कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं तर नमुना बाद करावा लागेल. कोणी बनवला, कुठे बनवला, ते नोंदवावं लागेल. तुझी सही लागेल. कळतंय तुला?”

“कळतंय.”

“वडिलांचं नाव लिहू?”

“नाही. माझं लिहा. सगळं मीच केलंय.”

“सहा वर्षांपूर्वी? बारा वर्षांच्या मुलीने? एकटीने?”

“एकटीने.”

“ही शिंगंसुद्धा?”

आता हे खोटं होतं. डोळे तिचे होते, पाठीच्या कड्या तिच्या होत्या, रंग तिचा होता. शिंगं बासूची होती. केसाएवढी बारीक, वळवलेली, इग्रानमध्ये दुसऱ्या कोणाला न जमणारी. पण बापाचं नाव त्या कागदावर येऊ द्यायचं नाही एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. “शिंगंसुद्धा,” ती म्हणाली.

ताहिरींनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि ती म्हणेल तसं लिहिलं. तिने सही केली. त्यांनी उत्तरपत्रिकेवर नऊ खोडून अकरा लिहिले, शेजारी स्वतःची सही केली, आणि ट्रायलोबाइट उचलून लारबीकाकांच्या हातात दिला. “तळघरात टाका.”

“नको,” तूदा म्हणाली.

“आता आणखी काय?”

“कपाटातच ठेवा. बाकीच्या दगडांवर देणाऱ्याचं नाव आहे, याच्यावर करणाऱ्याचं लिहा. नकली आहे असं लिहा. पुढच्या वर्षी पोरांना कळू दे की असंही असतं.”

“तू मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाही, उस्ताद. सांगतेय.”

लारबीकाकांनी फडकं खांद्यावर टाकलं, खणातून कोरी चिठ्ठी काढली आणि कोणी हो म्हणायची वाट न बघता लिहायला घेतलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. ‘नकली. राळ. बनवणारी: तूदा, इग्रान.’ ताहिरींनी ती वाचली आणि पुढची उत्तरपत्रिका ओढली.

तूदा बाहेर आली. केंझाने जिन्यातच मिठी मारली आणि आधी फ्रेंचमध्ये, मग अरबीत ओरडली. वर्ष वाचलं होतं. पण अजून घरी सांगायचं होतं, आणि ते ताहिरींना सांगण्यापेक्षा अवघड होतं. तिने अंगणातल्या बाकावर बसून फोन लावला.

“पास झाले, बाबा. अकरा.”

“काल नऊ होते.”

तिने सगळं सांगितलं. सातवं टेबल, डोळे, सही, कपाट, चिठ्ठी, काही लपवलं नाही. पलीकडे सुई चालवायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती, ती मध्येच थांबली. तूदाने फोन कानापासून जरा लांब धरला. बासूचा आवाज पहाडी आहे.

तो ओरडायच्या आत तिने घाईघाईने पुढे सांगितलं, “तुमचं नाव कुठे नाहीये. सगळं मीच केलं असं लिहून दिलंय. तुमच्यावर काही येणार नाही.”

“सगळं म्हणजे?”

“सगळं. डोळे, पाठ, रंग.”

“आणि शिंगं?”

“शिंगंपण.”

मग बासू हळूच बोलला, आणि तसा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. “तूदा, शिंगं मी बसवली होती.”

“माहितीये, बाबा.”

“अठरा शिंगं. एकेक सुटं. तीन आठवडे माझे डोळे गेले त्यात. तू डोळे केलेस ते ठीक, टोचायला काय, शिकवलं तर कोणीही टोचेल.”

“बाबा, नाव आलं तर बाजारात लोक…”

“बाजाराचं मी बघतो. सहा वर्षं प्राध्यापकाला कळलं नाही असं काम माझं, आणि चिठ्ठी तुझ्या नावाची? हे शिकलीस वर्षभर?”

बसचं तो बोललाच नाही. फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, सकाळी नऊ वाजता ताहिरींनी खोलीचं दार उघडलं तर तूदा बाहेर उभी.

“आता काय राहिलं?” त्यांनी विचारलं.

“चिठ्ठीत एक चूक राहिलीये, उस्ताद,” तूदा म्हणाली. “दुरुस्त करायचीये.”